माणशी एक आणा

रोख पैशावर इतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ज्याच्यावर जीव टाकला त्या पैशानं इतक्या सावकाशीनं, जराही आवाज न करता, केसानं गळा कापलेलाही दुसरा पाहिला नाही. सोन्याचं वेड असलेली माणसं मला ठाऊक आहेत; जमिनीचं वेड तर आमच्या मावळात पाळण्यातच लागतं. पण याला हवा होता तो हातात वाजणारा, थंडगार, सरकारी छापाचा आणा. नोटेवरसुद्धा त्याचा पुरता विश्वास नव्हता. "भिजली की तिचा कागुद व्हतोय," असं म्हणायचा, आणि ज्याचा जन्म पाण्यावर गेला त्यानं तसं म्हणणं रास्तच होतं. तो आमच्या गावचा नावाडी.

मुळशीच्या धरणापलीकडच्या त्या गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि माझा कोटही. पौडचा बाजार, दवाखाना, कचेरी, काय हवं ते सगळं पाण्याच्या अलीकडं, आणि गाव पलीकडं. डोंगराच्या कडेनं पायवाट होती, पण ती धरणाऱ्यानं दुपारची भाकरी बांधून घ्यायची आणि परत कधी येणार ते घरी सांगायचं नाही, अशी तिची कीर्ती होती. म्हणून सगळा कारभार या गृहस्थाच्या होडीवर चाले. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन मी काठाशी उभा राहिलो, तेव्हा त्यानं मला न बघता ट्रंकेकडं बघितलं. ठेंगणा माणूस, देवानं खांदे देताना दोन माणसांचे दिले होते आणि पाय देताना हात आखडता घेतला होता. "पेटीत काय हाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुस्तकं. "मंग मधी ठिवा. शहानपन जड असतंय, एका अंगाला कलतं." बदलीचे अर्ज देऊन देऊन मी पुढं त्याच गावात अठरा-एकोणीस वर्षं काढली, आणि त्या वर्षांत माझं त्याच्याइतकं कुणाशी जमलं नाही.

त्या काळी गाव त्याला पैसे देत नसे. सुगी झाली की घरटी दोन पायल्या भात घालायचं, त्याच्या बदल्यात वर्षभर हव्या तितक्या खेपा करायच्या, असा त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा रिवाज. ऐकायला हे फार गोड वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर घरोघरी भात निवडताना जे पोचट, पाखडून उरलेलं, टोके किडे पडलेलं निघेल ते एका बाजूला सारलं जाई, आणि सासू सुनेला सांगे, "ऱ्हाऊ दे, नावाड्याला व्हईल." गावात 'नावाड्याचं भात' हा शब्दच रूढ झाला होता. एखाद्या पोराचं अक्षर वाईट आलं तर बाकीची पोरं त्याला म्हणत, "ह्ये तर नावाड्याचं भात."

त्याला याची भयंकर चीड होती. एका सुगीला पाटलांच्या घरून भात आलं, तसा तो सूप घेऊन थेट पाटलांच्या अंगणात गेला. पाटील ओसरीवर चहा घेत बसले होते. यानं वाऱ्याचा अंदाज घेतला, ओसरीच्या बरोबर वरच्या अंगाला उभा राहिला आणि सगळं भात शांतपणे पाखडलं. फोल उडून पाटलांच्या चहात, मिशांत, पागोट्यात गेलं. पाखडून झाल्यावर सूप पुढं करून म्हणाला, "ह्ये ऱ्हायलं ते माझं. उडालं ते तुमचं, घरातच हाय." पाटील हसले. पाटील दिलदार होते, असल्या गोष्टींवर हसत. पुढच्या सुगीला भात तसंच आलं.

त्याची बायको उंच, सडसडीत आणि अबोल होती. नवरा दिवसभर जे बोले त्याचं उत्तर ती संध्याकाळी एका वाक्यात देऊन टाकी. ती म्हणायची, "किडकं तर किडकं, पोटात जातंय. पैका चावता येतो का?" यावर तो उठून होडीत जाऊन बसे.

मग एकदा कुणाच्या तरी साक्षीसाठी त्याला पुण्याच्या कोर्टात जावं लागलं. साक्ष काय दिली ते त्याला परत येईपर्यंत आठवत नव्हतं. त्यानं पुण्यात एकच गोष्ट बघितली होती, ती म्हणजे मोटारीतला कंडक्टर. पौडपर्यंतच्या सगळ्या वाटेत त्यानं खिडकीबाहेर मान वळवली नाही. "त्यो मानूस कुनाला रामराम करत न्हवता, गुर्जी," तो मला सांगत होता, आणि वल्हं मारायचं विसरला होता. "लोकंच त्याच्याम्होरं हात काढत व्हती. मामलेदार बसला तरी आधी पैका, मंग शिट्टी. आनि म्या काय करतो? सुगीला दारोदार पोतं घिऊन हुबा ऱ्हातो, ताई वाडा, माई वाडा. धान्य मागावं लागतंय. पैका समोरचा देतोय." जुन्या बाजारातून त्यानं कंडक्टरची एक जुनी चामड्याची पिशवी आणली होती. पट्टा तुटका होता, तो सुतळीनं बांधला होता.

त्या सुगीच्या आधी त्यानं गाव वाघजाईच्या देवळापुढं जमवलं आणि सांगून टाकलं की यापुढं धान्य नको. चढेल त्यानं माणशी एक आणा द्यायचा, जाताना एक, येताना एक. गाव खवळलं. गावात भात होतं, नाचणी होती, वरई होती. आणा कुणाकडं होता? आणा हवा तर भात पौडला नेऊन विकायचं, आणि पौडला जायचं तर होडी. बरीच तणतण झाली. शेवटी पाटलांनी, शहाणी माणसं विचारतात तो प्रश्न विचारला. "आज एक म्हनशील, उद्या दोन म्हनशील. मंग आमी काय पोहत जायाचं?"

इथं त्याचा घात झाला. वाद जिंकत आलेल्या माणसाला जी घाई होते ती त्याला झाली. देवळाच्या पायरीवर हात ठेवून तो म्हणाला, "वल्हं माज्या हातात हाय तवर माणशी एक आणा. वर एक पै घेतली तर वाघजाईनं मला ह्याच पान्यात घ्यावं." गाव तेवढ्यावर राजी झालं. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको उभी होती. तिनं पदर नीट केला आणि एकटी घरी निघून गेली.

आणि पहिली काही वर्षं, काय सांगावं, तोच शहाणा ठरला. धान्य इतकं स्वस्त झालं की पौडचे व्यापारी पोतं बघून तोंड फिरवायला लागले. भरल्या पोत्याला मोल नव्हतं आणि याच्या पिशवीत आणे खुळखुळत होते. या दिवसांत त्याला जो बघेल त्याला वाटावं, धरणच याच्या मालकीचं आहे. त्यानं खाकी कोट मिळवला. माणसं होडीत बसली की तो "पुढं सरका, पुढं सरका" म्हणायला लागला. एकदा माणसं खरंच पुढं सरकली आणि होडीचं नाक पाण्यात गेलं, तेव्हापासून "आहे तितं बसा" म्हणायचा, पण त्याच सुरात. मामलेदार कचेरीतला कारकून एकदा आला आणि सरकारी माणूस म्हणून फुकट बसायला लागला, तर यानं होडी पाण्याच्या मध्यावर थांबवली, वल्हं आडवं ठेवलं आणि तपकीर ओढत बसला. कारकुनानं आणा काढला. ही गोष्ट तो पुढं कित्येक वर्षं सांगत असे, आणि प्रत्येक वेळी कारकुनाचा हुद्दा वाढत जाई. शेवटी शेवटी तो कलेक्टर झाला होता.

जगातली प्रत्येक वस्तू तो माणसांत मोजायला लागला. रुपये-आणे हा आमचा हिशेब. त्याचा हिशेब डोक्यांचा. रॉकेलची बाटली म्हणजे चार माणसं. बायकोचं लुगडं म्हणजे भरलेल्या होडीच्या इतक्या खेपा. मी पुण्याहून नवी टोपी आणली, ती हातात घेऊन त्यानं उलटसुलट केली आणि म्हणाला, "ही काय वीस मानसांची न्हाई. सोळा फार फार." पायलीभर तांदूळ तेव्हा वीस-बावीस माणसांना मिळत असे. बायको म्हणायची, स्वस्त आहे तोवर चार पायल्या जास्त घेऊन कणगीत टाकू. यावर तो खदखदून हसायचा. "तांदूळ भरून उंदरं पाळू व्हय? पैक्याला टोका लागत न्हाई." उरलेले आणे तो एका पत्र्याच्या डब्यात टाकी. डबा कशासाठी, तर नव्या होडीसाठी. त्याची होडी बापाच्या वेळची होती, फळ्या ठिकठिकाणी डांबरानं जोडलेल्या. त्याला सागवानाची नवी होडी हवी होती, दोन्ही बाजूंना बसायला फळ्या असलेली, मोटारीसारखी. सुतारानं किंमत सांगितली होती. डबा निम्म्याच्या वर आला होता.

मग सरकारनं नवे पैसे काढले. आण्याचे सहा पैसे असं ठरलं. खरं तर सव्वासहा व्हायला हवे होते, पण पाव पैसा कुठून आणायचा? चार आणे एकदम दिले तर पंचवीस पैसे बरोबर होत. सुटे चौघे आले तर मात्र चोवीस. हा एक पैसा कुठं जातो, या प्रश्नानं त्याची झोप उडाली. त्यानं मला विचारलं. मी फळ्यावर मांडून दाखवलं. तो फळ्याकडं बघून म्हणाला, "म्हंजी सरकारनं मला न विचारता भाडं उतरवलं." दुसऱ्या दिवसापासून त्यानं नियम केला, की चौघांचा एक गट करायचा आणि एकानं पंचवीस पैसे द्यायचे. मग काठावर तो माणसं निवडू लागला. ज्यांचा जन्मात संबंध नाही त्यांना एका कुटुंबात घाली. बांधावरून कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊ एकदा तारखेला निघाले होते, एकमेकांकडं पाठ करून. यानं त्यांना एका गटात घेतलं. धाकटा म्हणाला, मी त्याच्या पैशानं बसणार नाही. थोरला म्हणाला, मी त्याचे भरणार नाही. "तुमच्या जमिनीचा निकाल जज देईल," हा म्हणाला, "माज्या पैशाचा निकाल हितं." होडी अर्धा तास काठाशी राहिली. अखेर बाकीच्या दोघांनी कंटाळून सगळ्यांचे भरले. भावांनी तेवढ्यापुरतं तोंड उघडून दोघांनाही शिव्या दिल्या, आणि म्हणे कैक वर्षांत एकत्र केलेलं तेवढंच त्यांचं काम.

इथपर्यंतची गोष्ट मी शाळेत, लग्नांत, कुठंही सांगितली की लोक हसत. पुढची मी फारशी सांगत नसे.

महागाई ही काही एखाद्या दिवशी डोंगर उतरून येत नाही. ती धरणाच्या पाण्यासारखी चढते. काल ज्या दगडावर बसून पाय धुतले तो दगड आज दिसत नाही, एवढंच. प्रथम रॉकेल पाच माणसांचं झालं, मग सहा, मग आठ. लढाई झाली, मग दुष्काळाचं साल आलं, मग रेशनचा लाल गहू आला. पायलीभर तांदळाला पस्तीस माणसं लागायला लागली, मग पन्नास. माणसं तेवढीच, पाणी तेवढंच, त्याचे खांदे मात्र तेवढे राहिले नव्हते. दर दिवाळीनंतर तो डबा घेऊन सुताराकडं जाई, आणि सुतार दर वेळी तेच म्हणे, "गेल्या साली यायाचं व्हतंस." सागवान गेलं, मग आंब्याच्या फळीवर बोलणं आलं, मग नुसत्या डागडुजीवर. डबा दर वर्षी जड होत होता आणि दर वर्षी होडी त्याच्यापासून लांब जात होती. असली शर्यत मी दुसरी पाहिली नाही. एका वर्षी तो सुताराकडून परत आला तो माझ्या खोलीत येऊन बसला, डबा मांडीवर ठेवून. "गुर्जी," म्हणाला, "ह्यातलं कुनी काडत बी न्हाई. कुलूप हाय. मंग कमी कसं व्हतंय?"

मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाजारात पैसा वाढतो, माल वाढत नाही, वगैरे, वर्तमानपत्रात वाचलं होतं तसं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमाला बी तरास व्हत आसंल."

मी म्हटलं, होतो, पण आम्हाला महागाई भत्ता मिळतो. भाव वाढले की सरकार पगारात थोडी भर घालतं.

"कुनाकुनाला घालतंय?"

"सरकारी नोकरांना. मास्तरांना."

"म्हंजी म्हागाई फकस्त नोकरदारालाच येती, आसं सरकारला वाटतंय," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. दुसऱ्या दिवशी होडीत मी त्याच्या हातावर दहा पैसे ठेवले. त्यानं चार परत केले. मी म्हटलं, अरे, शपथ तू घेतलीस, मी नाही घेतली. "व्हय," तो म्हणाला, "पर घेनारा हात माजाच हाय." पट्ट्याला सुतळी बांधलेली ती पिशवी अजून त्याच्या गळ्यात होती. तिच्यात आता फारसं काही वाजत नसे.

घर चालवत होती ती बायको. लावणीला, बेणणीला, कापणीला ती लोकांच्या खाचरात जाई, आणि मजुरी विचारली की सांगे, "दानं द्या." जो पैसा तिनं कधी चावण्याजोगा मानला नव्हता तो तिनं घेतला नाही. तिनं आणलेल्या तांदळावर तो जेवत होता आणि जेवताना मान वर करत नव्हता. मी एकदा तिला म्हटलं, तुमचं ऐकायला हवं होतं. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "ऐकलं आसतं तर किडकं खाल्लं आसतं. आता चांगलं खातुया, पर त्याला ग्वाड लागत न्हाई." मग म्हणाली, "मानसाला एकदा तरी समोरच्यानं हात काडावा वाटतंय, गुर्जी. त्याला वाटलं. त्यात काय चुकलं?"

मग व्हायचं ते झालं. पाटील आंबेमोहराची पोती घेऊन पौडला निघाले होते. भाव असे चढले होते की तांदळाच्या पोत्याला लोक वाट देत. पाण्याच्या मध्यावर होडीची एक फळी सुटली. कुणी बुडालं नाही. त्यानं कोट काढून भोकात कोंबला, त्याच्यावर पाय रोवला आणि तसल्या अवस्थेत होडी काठाला आणली. पण खालची दोन पोती भिजली. पाटील ओल्या पोत्यांकडं बघत म्हणाले, "ही नाव बदल. मानसं मारशील." तो खाकी कोट पिळत होता. "बदलतो," म्हणाला, "भाडं वाढवा. पंधरा पैसं करा." पाटील म्हणाले, "ते देवळात बोल."

देवळात तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू आवाजात बोलताना ऐकलं. पंधरा नाही तर बारा करा, म्हणाला. बारा नाही तर पहिल्यासारखं धान्य घाला, घरटी दोन पायल्या. "आनि निवडून नगा घालू, कसलं बी घाला." यावर गावात हशा पिकला. ज्या भातातून टोके उडत होते ते आता कुणी कोंबड्यांनाही टाकत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "तवा घालत व्हतो तर तूच पाखडत व्हतास." मी उठून सांगितलं, की बाकी सगळ्याचे भाव तिप्पट झालेत, मग खेपेचाच भाव तेवढा का राहावा. पाटील सौम्यपणे म्हणाले, "गुर्जी, तुमी बसा. तुमी बदलीचं मानूस." सतरा वर्षं मी त्यांची पोरं शिकवत होतो.

शेवटी असं निघालं, की शपथ देवीची आहे, ती माणसांनी मोडायची नाही, देवीलाच विचारू. गुरवानं कौल लावला. उजवं फूल पडलं तर देवीची परवानगी. गुरवाला दर बाजाराला पौडला जावं लागे, तेल, कापूर, हळद-कुंकू आणायला. फूल डावं पडलं. देवीला स्वतःला कधी पाण्यापलीकडं जावं लागत नसल्यामुळं तिनं हा प्रश्न नीट समजून घेतला नसावा, असं मी अजून मानतो.

त्यानं वाद घातला नाही. तो काठावर गेला, वल्हं घेऊन आला आणि देवळाच्या भिंतीला टेकवून उभं केलं. "हातात हाय तवर म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "आता न्हाई." मग गुरवाला म्हणाला, "आत ठिवा. भाईर वाळवी लागंल." चार दिवसांत नवरा-बायको एक गाठोडं आणि तो डबा घेऊन डोंगरवाटेनं चालत गेले, स्वतःच्या होडीतून गेले नाहीत. पौडच्या रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला लागले असं कळलं.

गाव पंधरा-वीस दिवस डोंगरवाटेनं फिरलं. पाय सुजले तसा एक तरणा माणूस धरणाच्या वरच्या अंगाकडून नवी होडी घेऊन आला. त्यानं कुणाला जमवलं नाही, पायरीवर हात ठेवला नाही. चढणाऱ्यांना सांगितलं, "वीस पैसं." सगळ्यांनी दिले. पाटलांनी दिले, गुरवानं दिले, कोर्टातल्या दोन भावांनी वेगवेगळे दिले. कुणी ब्र काढला नाही. मी एकाला विचारलं, तेव्हा बारा जड होते, आता वीस कसे हलके झाले? तो चकित होऊन म्हणाला, "गुर्जी, त्याचं एक आण्याचं व्हतं. ह्याचं विसाचंच हाय." मला हे उत्तर तेव्हा फार खुळचट वाटलं होतं. नंतर मी शहरात राहिलो, पगारवाढीचे मोर्चे पाहिले, पेन्शन घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की सगळा देश याच उत्तरावर चालतो. जो गप्प राहून सोसतो त्याचा भाव तोच राहतो, आणि त्याच्या जागी नवा येतो तो नव्या भावानं येतो.

माझी बदली झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो एकदाच गावाला आला. पुतणीचं लग्न होतं. मी पौडहून परतत होतो, आणि काठावर नवरा-बायको उभे होते, होडीची वाट बघत. वाळला होता. हातांना खडीच्या जखमा, अंगात धुवट सदरा. होडीत पाटील होते, गावातली पाचसहा माणसं होती. त्याला बघून सगळे जरा जास्तच मोठ्यानं "या, या" म्हणाले आणि नंतर पाण्याकडं बघायला लागले. मी त्याच्याशेजारी बसलो. काम कसं चाललंय, विचारलं. "बरं हाय," म्हणाला. "ठेकेदार चोर हाय, पर मधून मधून मजुरी वाढवतोय. न्हाई वाढवली तर मानसं पळत्यात." मग म्हणाला, "मला पळायचं सुचलंच न्हाई लई वर्सं."

नवा नावाडी पैसे गोळा करत आला. याच्यापुढं आल्यावर तो घुटमळला. "तुमचं ऱ्हाऊ द्या, काका," म्हणाला. यानं चाळीस पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याची मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. "घी. आनि पुढच्या साली दोन पैसं वाढव," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याच्या पुढच्या साली आनिक दोन. सवय ठिव. एकदम मागितलंस तर लोकांना देव आठवतो." त्याची बायको तेवढी हसली, पदराआड.

काठ आला. कुणी सांगितलं नव्हतं, पण तो सगळ्यांच्या आधी उठला, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात उतरून होडीची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. तरणा नावाडी अजून सुट्टे मोजत होता. माणसं एकेक करून त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. पाटीलही उतरले. त्यांचा हात त्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला असं मला वाटलं. पण पाटलांचे गुडघे त्या सुमारास दुखत असत. शेवटी मी उतरलो. "दमानं, गुर्जी," तो म्हणाला. माणसं बोलत बोलत चढणीला लागली, लग्नघरातला वाजंत्र्यांचा आवाज खाली येत होता, आणि तो होडी धरून उभाच होता, पाणी त्याच्या पोटऱ्यांवर आपटत होतं. वरून बायकोनं हाक मारली, "आवो, चला, अक्षता पडत्याल." तेव्हा त्यानं हात सोडले. होडी थोडी मागं सरली. तिच्याकडं न बघता, पायांचं पाणी झटकत, तो वर आला.